हात लागलेल्यांची बैठक

मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करायला आले की आधी साबण मागायचे. काम झाल्यावर नव्हे, कामाच्या आधी. कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं निरखून पाहायचे, कशालाही न पुसता हात हवेत वाळवायचे आणि मग कुठे ट्रॅक्टरला शिवायचे. काम संपलं की मात्र तेच काळेकुट्ट हात घेऊन चहाला बसायचे. घरोघरच्या बायका या उलट्या रीतीला हसत. मी एकदा न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "सर, माह्या हाताची माती ट्रॅक्टरच्या लिफ्टीत गेली त लिफ्ट मरते. लिफ्टीचं ऑइल माह्या पोटात गेलं त मले काय होते? एखांदा जुलाब."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडलं नसतं, आणि दुसरं म्हणजे त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. तिवशापासून रिद्धपूरपर्यंतच्या गावांत नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की तेच. राहायचे रिद्धपूरला. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, पांढरा पायजमा, पांढरा सदरा. उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून बोलणाऱ्याकडे डावा कान वळवून बसायचे. घराणं महानुभाव पंथाचं, त्यामुळे भेटल्यावर 'दंडवत प्रणाम' आणि निघतानाही तेच. मोटरसायकल येत नव्हती. त्याहून मोठी गंमत म्हणजे ट्रॅक्टरही चालवता येत नव्हता. आयुष्य ट्रॅक्टरांखाली गेलेला हा माणूस एसटीनं यायचा, फाट्यावर उतरायचा आणि खांद्याला हत्यारांचा झोळा लावून पायी गावात शिरायचा. कुणी त्यावरून टोकलं तर म्हणायचे, "चालवनं मालकाचं काम हाये. मले त्यात लुडबुड करू नका लावू."

हात लावायचे ते फक्त जुन्या ट्रॅक्टरांना. ज्याच्यात चिप बसली त्या यंत्राकडे ते ढुंकूनही पाहत नसत. "ते कंपनीशी बोलते," म्हणायचे. "मले त्याची भाषा येत नाई." आणि त्यांच्या तोंडून 'बिघडलं' हा शब्द कधी निघाला नाही. "मशीन खराब होत नाई, सर. कोनंतरी तिचा गैरसमज करून देते." हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणत की पहिल्यांदा ऐकताना मला हसू आवरेना.

मी 'सर' आहे तो खराखुरा. अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, जठारपेठेत राहतो, आणि विजेचं प्रकरण वर्गात विशेष रंगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. ख्याती माझ्याच मते. गाव तिवशाच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. तिथे बाबा राहतात. आई गेल्यापासून घरात एकटेच. शेती पाहायचा आमचा सालदार सुखदेव. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राहणारा माणूस. गुढीपाडव्याला साल संपतं आणि पाडव्यालाच पुढच्या सालाचं ठरतं. सुखदेवाचं आमच्याकडे बावीस वर्षं दर पाडव्याला नव्यानं ठरत आलेलं. गुरांच्या कोठ्यामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहायची. दोन पोरींची लग्नं त्याच खोल्यांपुढच्या मांडवात झाली.

आणि ट्रॅक्टर. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बाबांनी ऐन तरुणपणी घेतलेला, रंग कधीचाच उडालेला, पण बाबांच्या लेखी घरातला थोरला तोच. नवा घेऊ असं मी तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला जेवताना पानावरून उठवलं नाही, एवढंच.

मिस्त्रींची आणि माझी पहिली गाठ या ट्रॅक्टरच्या दिव्यावरून पडली. पुढचा एक दिवा लागत नव्हता. मी नुकताच नवाकोरा डिजिटल मीटर घेतला होता. दिव्याच्या होल्डरवर त्याच्या दोन सुया टेकवल्या, पडद्यावर बारा व्होल्ट आले, आणि मी जाहीर केलं की वायरिंग ठणठणीत आहे, बल्ब गेला. मिस्त्रींनी झोळ्यातून हेडलाइटचाच एक जुना बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी डागलेल्या होत्या. "हा माहा साक्षीदार," ते म्हणाले. त्याच जागी त्यांनी त्या वायरी लावल्या. बल्बची तारसुद्धा लाल झाली नाही.

"तुमचा मीटर म्हनते करंट हाये. मंग साक्षीदार काहून गप हाये?"

त्यांनी वायरीवरून बोट फिरवत फिरवत मागे जाऊन डॅशबोर्डाखाली एक हिरवा पडलेला जोड शोधला, घासला, आणि दिवा लागला. मीटरला वीज लागते नावापुरती. ती गंजलेल्या जोडातूनही झिरपते. दिव्याला पोटभर लागते. हे मला कळायला हवं होतं, पुस्तकात आहे. पण पुस्तकातलं माझ्या हातात आलेलं नव्हतं. आता बारावीच्या वर्गात मी हा प्रयोग करून दाखवतो, आणि एका गुरूंनी शिकवला असं सांगतो. मिस्त्रींच्या कानावर हे गेलं असतं तर 'गुरू' शब्दावर त्यांनी मला चांगलंच झापलं असतं.

जीव मारायचा नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. आमच्या शेजारच्या वावरातल्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचा नांगर तेलाच्या दाबानं उचलणारी यंत्रणा, कण्हत कण्हत चालायची. मिस्त्रींनी पाहिलं तर ज्या टोपणातून तिच्या टाकीत हवा जाते, त्या टोपणाच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. तारेनं एक टोचा मारला असता तर काम दोन मिनिटांचं. मिस्त्रींनी ते टोपणच घरासकट हळूच फिरवून काढलं, कोठ्याच्या भिंतीला सावलीत टांगलं, आणि टाकीच्या तोंडावर धुतलेलं पांढरं फडकं बांधून दिलं. "पिल्लं उडाले की टोपन लावजा." तीन आठवडे तो ट्रॅक्टर मागे फडकं बांधून गावभर फिरला. पोरंटोरं त्याला नवरदेव म्हणायला लागली. मालक चिडला, पण टोपण काढून आणायची त्याची हिंमत झाली नाही, कारण पुढच्या वेळी मिस्त्री आले नसते.

पण मिस्त्रींची खरी ख्याती होती ती बैठकीसाठी.

यंत्राला हात लावण्याआधी ते त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारत, हात पाठीमागे बांधून. मग म्हणत, "हे शेवटचं चांगलं चाललं तवापासून ज्याचा ज्याचा हात याले लागला, ते सगळे बसा." सगळे म्हणजे सगळे. मालक, ड्रायव्हर, धुणारा, डिझेल ओतणारा, सहज बसून पाहिलेला पाहुणासुद्धा. सगळे गोलात बसले की मिस्त्री आधी मालकाकडून वदवून घेत: कुणी काहीही केलं असलं तरी त्याला बोल लावायचा नाही. मालक 'हौ' म्हणाला की एकेकानं काय काय केलं ते सांगायचं. मिस्त्री डावा कान पुढे करून ऐकत. कुणी खोटं बोललं असं त्यांना वाटलं तर ते भांडत नसत. झोळा उचलून फाट्याकडे चालू लागत.

लोकांना हा चक्रमपणा वाटायचा, पण तो लागू पडायचा. एका घरी तीन मेकॅनिकांनी लिफ्ट उघडून पुन्हा बसवली होती, तरी ती तसूभर उठत नव्हती. बैठकीत त्या घरची सून दाराआडून म्हणाली, मिरच्या वाळवायला दोरी बांधताना ती बाजूची दांडी आडवी येत होती म्हणून मी जरा मागं केली होती. त्या जुन्या ट्रॅक्टरांत त्या दांडीवरच लिफ्टचा पंप फिरतो. ती मागे असली की पंप निजलेला. मिस्त्रींनी दांडी पुढे ढकलली आणि लिफ्ट उठली. सासरा सुनेला काही बोलणार, तेवढ्यात मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वचन दिलेलं होतं. सून हसत आत गेली म्हणे.

आता आमच्या घरची बैठक. ही गोष्ट मी टाळत आलोय, पण मिस्त्रींबद्दल लिहायचं आणि ही सोडायची म्हणजे पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

महाशिवरात्रीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. ट्रॅक्टरची बॅटरी संपली होती, म्हणून अकोल्याहून नवी घेऊन गेलो. जुनी काढताना पाहतो तर काय, बॅटरीचं अधिक टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेलं आणि उणे टोक वायरींना. आजच्या कुठल्याही गाडीत बरोबर याच्या उलट असतं. मला हसूच आलं. म्हटलं, कुण्या अडाण्यानं हे करून ठेवलं कोण जाणे. सुखदेव बाजूला उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, हे पहिलेपासून असंच होतं." मी त्याला अधिक-उणे यावर तिथल्या तिथे दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. अधिकाचा खुंट जाड असतो, उण्याचा बारीक, त्यामुळे उलट लावताना एक कडी बसेना आणि दुसरी सैल पडली. बसेना ती मी हातोडीनं ठोकून बसवली, सैल होती तिच्यात पत्र्याचा तुकडा कोंबला. ट्रॅक्टर फटकन सुरू झाला. मी सुखदेवाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मिनिटाभरात, डायनामोची वीज बॅटरीला पोचवणाऱ्या डॅशबोर्डाखालच्या काळ्या डबीतून जळका वास आला. मी घाईनं बंद केला, वास गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला परतलो.

तिसऱ्या दिवशी मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं. त्या काळातल्या कित्येक ट्रॅक्टरांत अधिक टोकच अंगाला जोडत. तशीच रचना होती. अडाणी मीच होतो. डायनामो जुन्या दिशेनं वीज करत होता, बॅटरी मी उलटी लावलेली, दोघांची झटापट होऊन त्या डबीतले संपर्क चिकटून बसले. आता बॅटरी रोज रात्रभरात डायनामोतूनच रिकामी होणार होती. फोन उचलून बाबांना सांगायचं, एवढंच काम होतं. मी ते आज-उद्या करत राहिलो. भौतिकशास्त्राच्या मास्तरानं बॅटरी उलटी लावली हे गावात पसरलं असतं, या विचारानं माझी जीभ उचलेना.

होळी झाली. बाबांचा फोन आला. बॅटरी रोज सकाळी मेलेली, त्यात लिफ्टही झटके देत उठते आणि मध्येच खाली बसते. "सुखदेवनं काहीतरी करून ठेवलं," बाबा म्हणाले. "वय झालं त्याचं बी." मी म्हणालो, "हौ का." हे दोन शब्द मला अजून आठवतात.

हरभरा निघाला होता, वावर नांगरायचं होतं, पाडवा पंधरा दिवसांवर. रविवारी मिस्त्रींना बोलावलं. मीही गेलो. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, बॅटरीपाशी जरा जास्त वेळ थांबले, लिफ्टच्या ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि पुन्हा घातली. मग बैठक. बाबा खुर्चीवर, मी बाजेवर, सुखदेव खाली लिंबाच्या बुंध्याशी, आणि मिस्त्री पालथ्या घातलेल्या बादलीवर. बाबांनी 'बोल लावनार नाई' म्हणून वचन दिलं.

"तुमी कोनी काय हात लावला?"

बाबा म्हणाले, "मी काय हात लावतो? दोन्ही डोळ्याले मोतीबिंदू. सुखदेवच पाह्यते सगळं."

मी म्हणालो, "मी त तिकडं अकोल्याले. सनावारी येतो."

एकही शब्द खोटा नव्हता. सुखदेव म्हणाला, "हौ. मीच पाह्यतो."

"बॅटरी कोनं बसवली?"

सुखदेवानं माझ्याकडे पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बाबा म्हणाले, "त्यानंच बसवली असन." मी लिंबाच्या पानांकडे पाहत होतो. मिस्त्री बराच वेळ थांबले. इतका वेळ की कोठ्यातली म्हैस दोनदा रेकली. मग उठले, झोळा खांद्याला लावला. "इथं माह्यं काम नाई. दंडवत प्रणाम." साबणाची वडी मी काढून ठेवली होती, ती तशीच कोरडी राहिली.

ते फाट्याकडे वळले तसे बाबा सुखदेवावर उलटले. दिलेलं वचन दुरुस्तीपुरतं होतं, आणि दुरुस्ती तर झालीच नव्हती. "तुह्यानं मिस्त्री गेला. बावीस सालात असं झालं नवतं. पाडव्यापासून दुसरीकडं पाह्यजो." सुखदेव म्हणाला, "बरं." एवढंच. त्याची बायको कोठ्याच्या दारात उभी होती. ती आत गेली.

त्याही वेळी मी बोललो नाही. हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. माझ्या एका वाक्यावर त्या माणसाचं घर टिकत होतं, आणि मी आपला गावात हसू होईल म्हणून गप्प.

सोमवारी अकोल्याला आलो. मंगळवारी वर्गात परिपथ काढायला फळ्याकडे वळलो, बॅटरीची खूण काढली, अधिक लिहिलं, उणे लिहिलं, आणि पुढे हात चालेना. मुलांना वाटलं सरांना बरं नाही. बुधवारी रजा टाकून अमरावतीला आणि तिथून बस बदलून रिद्धपूरला गेलो.

मिस्त्री ओसरीवर वर्तमानपत्र पसरून एका डायनामोचे भाग पुसत बसले होते. मी बसलो आणि सगळं सांगितलं, अगदी 'हौ का'सकट. ते ऐकत होते, हात चालूच.

"हे मले काहून सांगून राहिले?" ते शेवटी म्हणाले. "मी तुमचा सालदार हाओ काय?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"जाड खुंटावर बारीक कडी ठोकून बसवली होती. सुखदेव ठोकत नाई, त्याचा हात मी पंधरा सालापासून पाहून राहिलो. ज्याले सवय नाई, तो ठोकते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोललो असतो त तुमी पकडल्या गेले असते. पकडल्या जानं वेगळं, सांगनं वेगळं." त्यांनी डायनामोचा भाग उन्हात धरून पाहिला. "अन् लिफ्टीचं अजून एक हायेच. ते तुमचं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीनं गावी उतरलो. अंगणात तीच बैठक पुन्हा बसली, त्याच जागांवर. मी उठून उभा राहिलो. बसून सांगणं जमलं नसतं.

"बाबा, बॅटरी मी बसवली. उलटी बसवली. सुखदेव मले नाई म्हनत होता, मी त्याचं आयकलं नाई. डबी माह्यानं जळाली. अन् हे मले पंधरा-वीस रोजापासून मालूम होतं."

बाबांचा चेहरा मी कधी इतका रिकामा पाहिला नव्हता. मला वाटलं आता आवाज चढेल. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. ते ट्रॅक्टरच्या दिशेनं पाहत राहिले. त्यांना तो नीट दिसत नव्हता हे मला माहीत होतं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ऑइल म्या टाकलं."

मिस्त्रींनी डावा कान पुढे केला.

"लिफ्टीचं ऑइल कमी वाटलं. लिंबाखाली कॅन होती, तिच्यातलं ओतलं. तुमी कोनी मले ट्रॅक्टरापाशी जाऊ देत नाई म्हून सांगतलं नाई." ती कॅन पावसाळाभर उघडी पडलेली होती. अर्धं ऑइल, अर्धं पाणी. मिस्त्रींनी नंतर टाकीचा बोल्ट उघडला तेव्हा दुधाळ चहासारखं पाणी-ऑइल भांड्यात पडलं.

म्हणजे त्या ट्रॅक्टरवर दोन चुका झाल्या होत्या, एक बापाची, एक लेकाची, आणि दोन्ही आम्ही एकाच माणसाच्या माथी मारल्या होत्या. मी सुखदेवाकडे वळलो. "तुला हे दोन्ही माहीत होतं?"

"बॅटरीच्या वक्ती त मी उभाच होतो. बाबाजीनं ऑइल ओतलं ते म्या वावरातून पाह्यलं."

"मंग बोलला काहून नाई?" हे मिस्त्रींनी विचारलं.

सुखदेवानं पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मिस्त्री, तुमी बैठक घेता. तुमाले वाटते सगळे बसले म्हंजे सगळे बोलन. इथं मालक खुर्चीवर, भाऊ बाजेवर, मी खाली. मालकासमोर मी म्हनू, मालक, हे तुमी केलं? साल कोनाच्या हातात हाये माह्यं? त्या रोजी तुमी झोळा घेऊन गेले. तुमचं काय गेलं? तुमी गेल्यावर माह्यं घर गेलं."

मिस्त्री बादलीवरून उतरले आणि सुखदेवाच्या शेजारी खाली मातीत बसले. पांढरा पायजमा तसाच. ते हात जोडून म्हणाले, "दंडवत प्रणाम, सुखदेवराव. चुकलं माह्यं. इतके सालं बैठका घेतल्या, हे कोनं सांगतलं नाई मले."

"कसं सांगन?" सुखदेव म्हणाला.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. लिफ्टची टाकी रिकामी करून डिझेलनं धुतली, गाळणी साफ केली, नवं ऑइल भरलं. डबी बदलली, बॅटरी पूर्वीसारखी फिरवली, अधिक टोक पुन्हा ट्रॅक्टरच्या अंगाला. दोन्ही दिवस मिस्त्रींनी हाताखाली सुखदेवालाच घेतलं. मला बल्ब धरायला उभं केलं होतं. ट्रॅक्टर सुरू केल्यावर डॅशबोर्डावरचा चार्जिंगचा काटा ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला गेला, नांगर एका दमात वर उठला आणि वरच राहिला. बाबा आवाजावरून ओळखून म्हणाले, "झाला."

पाडव्याच्या सकाळी बाबांनी सुखदेवाला बोलावलं. खुर्ची न घेता ओट्याच्या पायरीवर बसले, आणि म्हणाले, "साल हाये तसंच चालू ठेव." त्यांना याहून जास्त जमत नव्हतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तेच पुष्कळ होतं. सुखदेव म्हणाला, "नाई बाबाजी. तिवशाले एकाकडं ट्रॅक्टर चालवाले जाऊन राहिलो. बोलनं झालं." त्या दुपारी दोन ट्रंका, गाद्या आणि एक शिलाई मशीन एका टेम्पोत चढलं. मी हात लावायला पुढे झालो, त्यानं लावू दिला. बाबा फाटकापाशी उभे होते. टेम्पो कुठल्या बाजूला वळला ते त्यांना दिसलं नसावं, कारण ते बराच वेळ दुसऱ्याच बाजूला पाहत होते.

माझी कल्पना अशी होती की खरं सांगितलं की सगळं होतं तसं होईल. जोड घासला की दिवा लागतो, तसं. मी उशिरा सांगितलं, आणि त्या उशिरात एका माणसाला आमच्या घरी आपली काय किंमत आहे ते दिसून गेलं. ते त्याला आता दिसत नाही असं करता येत नाही. आजही सुखदेव तिवशाला भेटतो, चहा पाजतो, बाबांची चौकशी करतो. मला त्याच्यासमोर अजूनही ताठ बसता येत नाही.

मिस्त्री पुढे बरीच वर्षं काम करत राहिले. एका हिवाळ्यात मी गावी गेलो असताना शेजारच्या वावरात त्यांना पाहिलं. ट्रॅक्टर धुऱ्याजवळ, म्हणजे बांधापाशी, उभा होता, बॉनेट बंद, झोळा बंद. मिस्त्री आणि तिथला ड्रायव्हर दूर, पार वावराच्या दुसऱ्या टोकाला तुरीच्या सावलीत बसलेले. मालक इकडे ट्रॅक्टरपाशी येरझाऱ्या घालत होता. मला पाहताच म्हणाला, "पाहा न सर, मशीन माह्यं, बोलावलं म्या, अन् मलेच म्हनते तुमी इथं थांबा, तुमाले मंग इचारतो! घंटा झाला बसून. काय एवढं बोलून राहिले असन?"

मी म्हटलं, थांबा थोडं. आणि त्याच्यासोबत मीही थांबलो. लांबून शब्द ऐकू येत नव्हते. ड्रायव्हर आधी खाली पाहत होता, मग हातवारे करायला लागला, मग एकदा आमच्या दिशेनं बोट दाखवून काहीतरी म्हणाला. मिस्त्री डावा कान त्याच्याकडे करून, मान खाली घालून ऐकत होते. मालक इकडून दोनदा ओरडला, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.